खाजणातला गहू

पौषातलं कोवळं ऊन खाडीवर पसरलं की मला काकी दिसते: कासोटा खोचून खाजणात ओणवलेली, चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटलेली. बांध घालून खाडीकडून हिसकावलेलं ते खारं शेत. पावसात त्यात भात होई, उन्हाळ्यात नुसती मिठाची पांढरी खपली. त्या वर्षी भात कापल्यावर काकीने तिथे गहू पेरला. आमच्या कोकणातल्या तोंडवलीत गहू! लोक हसले. हसोत बापडे! काकांना मधुमेह जडला होता, डॉक्टरांनी भात बंद केला होता, आणि रेशनचा गहू म्हणजे आला तर आला. त्यांच्या पानात रोज पोळी पडावी, एवढाच तिचा हट्ट.

रोपं वीतभर झाली तेव्हा ग्रामसेवक पांढऱ्याशुभ्र खड्यांचं खत घेऊन आले. अमोनियम सल्फेट, खाऱ्या जमिनीतल्या गव्हाला हेच मानवेल, म्हणाले. काकीने सवयीने एक खडा जिभेवर ठेवला आणि थुंकली.

"आमी बांध घालून दर्याक भायर ठेवलंव, नि तुमी मीठ पिशयेत भरून घेवन इलात?"

"अहो काकी, मीठ नव्हे ते, खत आहे," ते परोपरीने सांगत राहिले. पण काकीची जीभ म्हणेल ती पूर्वदिशा. पिशवी परत गेली.

आमच्याकडे माडांना मासळीचं खत घालतात, आणि माड कसे तरारतात ते तिने जन्मभर पाहिलेलं. सुकी मासळी संपली होती. पिंपात पावसाळ्यातली खारवलेली तारली तेवढी उरली होती. तीच कुटून तिने रोपांच्या मुळाशी घातली. घरच्या वस्तूची चव कोण घेतो! पाती शेंड्याकडून करपत गेली.

"वायच पेज दी गो," भाताच्या पेजेसाठी काका ओसरीवरून विनवत.

"गहू येतलो. वायच थांबा."

फाल्गुनात काका गेले, पेजेची वाट बघत. अजून आठवलं की माझा जीव तुटतो.

बांधाच्या एका कोपऱ्यात, जिथे तारली पोचली नव्हती, तिथे ओंजळभर गहू झाला. दहाव्याला काकीने त्याची पोळी लाटून भाताच्या पिंडाशेजारी ठेवली. कावळा उतरला, पोळीकडे ढुंकूनही न बघता त्याने भात उचलला.

"तेंका भातच व्हयो होतो गो," काकी मला म्हणाली.

काळ सगळं धुऊन नेतो म्हणतात. नेतही असेल, पण पावसाने धुतलेल्या मातीतूनही खाजणातलं मीठ दर उन्हाळ्यात वर येतं, तशी काकी येते.