मिनी टीचरचा मासा

मिनी टीचर म्हणजे मीच, ओमना. मोबाइलमधली बाई बघून कोणाला पटायचं नाही. ती पंचविशीतली, गोरीपान, जरीकाठाची साडी, केसांत मोगरा, आणि कंबर अशी की माझ्या नवऱ्याने बघून "ही कुठे राहते?" असं विचारलं. पण आवाज माझा, हातवारे माझे. कोचीच्या एका कंपनीने मला अंगभर वायरी लावून बंद खोलीत उभं केलं आणि नववीचं गणित बोलून घेतलं. माझा चष्मा, खोकला आणि तीस वर्षं त्यांनी कापून टाकली. त्याचं मला काही नाही. चुका कापल्या त्याचा मात्र राग आला.

माझी एक खोड आहे. दर तासाला फळ्यावर एक चूक मी मुद्दाम करते. आमची पोरं चालियार नदीच्या काठची, ती या चुकीला मासा म्हणतात. तासभर टपून बसतात. दिसला की "टीचर, मासा" म्हणायचं, फळ्याशी यायचं, माझं पुसायचं आणि बरोबर लिहून दाखवायचं. नुसतं ओरडलेलं मी चालवून घेत नाही. लोकांना हा पोरखेळ वाटतो. वाटू दे. आमच्याकडे शिक्षकाला 'नाही' म्हणायची रीतच नाही. "समजलं?" विचारलं की अख्खा वर्ग "समजलं टीचर" असं एका सुरात गातो, मग डोक्यात काही शिरलेलं असो वा नसो. मासा धरायला मात्र मुक्याचंही तोंड उघडतं, आणि मग कोणाला काय येतं ते मला कळतं.

कंपनीतला जितिन पुस्तक हातात धरून बसायचा. माझे सगळे मासे त्याने वेचून काढले. चुकणाऱ्या टीचरवर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणे. त्याऐवजी दर धड्याच्या शेवटी मिनी गोड हसून विचारणार, "समजलं का?" आणि खाली दोन बटणं, हो आणि नाही. 'नाही' दाबलं की ती तोच धडा पुन्हा सांगणार. मी म्हटलं, बाबा रे, आमची पोरं मेली तरी 'नाही' दाबायची नाहीत. तो म्हणाला, टीचर, चित्राला कोण घाबरतं? मी गप्प बसले. ती चूक मात्र मुद्दाम केलेली नव्हती.

त्या सप्टेंबरात निपा विषाणूचे रोगी सापडले आणि आमच्या भागातल्या शाळा बंद झाल्या. नववीचं गणित मिनीच्या हाती गेलं. शाळा उघडली तरी ते तिच्याकडेच ठेवलं आणि मला दहावीवर टाकलं. चौदा धडे झाल्यावर मिनीने परीक्षा घेतली. ज्यांना कमी गुण पडले त्यांना तिने आपोआप 'सोप्या वाटेवर' पाठवलं. या वाटेवर समीकरणं नाहीत, कंसांचे वर्ग नाहीत, फक्त पास होण्यापुरतं गणित. त्या यादीत शिफ्नाचं नाव बघून मी कपाळाला हात लावला.

शिफ्ना म्हणजे प्लायवूडच्या कारखान्यातल्या मोइदीनची मुलगी. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही, पण आठवीच्या वर्षात सगळ्यात जास्त मासे तिने धरले होते. तिला नर्स व्हायचंय, म्हणजे अकरावीला विज्ञान हवं, आणि सोप्या वाटेवरून विज्ञानाला जाता येत नाही. मी तिला व्हरांड्यात गाठलं. चौदाही धड्यांना 'हो' दाबलंस का, विचारलं. तिने मान डोलावली. सगळं समजलं होतं का, विचारलं, तर मान खाली.

"मग 'नाही' दाबायचं ना, पोरी."

"आवाज तुमचा होता, टीचर," ती म्हणाली. "तुम्हाला नाही कसं म्हणू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही, जितिनवर नाही, माझ्याच गोड आवाजावर. दुसऱ्याच दिवशी उरलेले धडे बोलायला मी कोचीला गेले. एव्हाना जितिन ओळ न् ओळ तपासत नव्हता, त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता. मी हात उंचावून, छान ठासून सांगितलं, (अ + ३) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक नऊ. मधलं सहा अ गिळून टाकलं. म्हटलं, मासा दिसला की तरी पोरं 'नाही' दाबतील. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. मिनी मोगरा माळून तेच बोलली, आणि सहा शाळांत तो धडा गेला.

पोरं बिचारी करणार काय? मिनीला "मासा" ऐकू येत नाही. फळा नाही, खडू नाही. चूक दाखवायला एकच बटण होतं, ते त्यांनी दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा पोरांनी शिक्षकाला 'नाही' म्हटलं, तेही शेकड्यांनी. आणि मिनीने काय करावं? तोच धडा पुन्हा ऐकूनही ज्याने 'नाही' दाबलं त्याला गणित झेपत नाही असं समजून तिने सगळ्यांना सोप्या वाटेवर हाकललं. चूक पकडणारे ढ ठरले आणि मान डोलावणारे हुशार. मी हसावं की रडावं, मलाच कळेना.

आठवड्याभरात पालकांच्या तक्रारी गेल्या. शिक्षणाधिकारी प्रसन्नन सरांनी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना मुलांसकट बोलावलं. शिफ्ना तिच्या उम्माबरोबर, म्हणजे आईबरोबर, मागच्या बाकावर बसली होती. सरांनी माझ्यापुढे छापील कागद ठेवला. 'सदर चूक माझ्याकडून अनवधानाने झाली.' सही केली की धडा दुरुस्त होईल आणि त्या धड्याने खाली गेलेली मुलं परत वर येतील, असं ते म्हणाले. मी विचारलं, आणि शिफ्ना? जितिन आपल्या बुटांकडे बघत म्हणाला की ती आधीपासूनच खाली होती, तिचे गुण तिचे आहेत.

मी पेन घेतलं, 'अनवधानाने' हा शब्द खोडला, वर 'मुद्दाम' लिहिलं आणि सही ठोकली.

प्रसन्नन सर लालबुंद झाले. त्यांनी तो धडा पडद्यावर लावायला सांगितला, म्हणजे मी काय दिवे लावलेत ते सगळ्यांना दिसेल. मिनीने हात उंचावला, अ वर्ग अधिक नऊ म्हणाली, आणि मागून बारीक आवाज आला, "टीचर, मासा." शिफ्ना उठली होती. तिची उम्मा ओढणी धरून तिला खाली ओढत होती. ती तशीच पुढे आली, बाजूच्या फळ्यावर तिने कंस सोडवला, सहा अ मध्ये लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या. हा भाग तिला मिनीने कधीच दाखवला नव्हता. मैत्रिणीच्या मोबाइलवर तो बघून, कंस स्वतः गुणून तिने हा मासा शोधला होता.

सर जरा नरमले. शाब्बास म्हणाले. नियम नियमच असतो, नाव आता मध्येच बदलता येत नाही, पण पुढच्या वर्षी तुझं नक्की बघू, असं त्यांनी प्रेमाने सांगितलं. मग सवयीने विचारलं, "समजलं ना?"

शिफ्नाने खडू फळ्याच्या कडेला ठेवला. मान खाली गेली. मला वाटलं, झालं, आता गाणार. तिने मान वर केली.

"नाही, सर."

सरांना वाटलं तिने ऐकलं नसेल. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं, नियम, यादी, पुढचं वर्ष. पुन्हा विचारलं. तिने पुन्हा 'नाही' म्हटलं. म्हणाली, "मला हे येतं, तरी मी खाली का, ते समजलं नाही." तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, मलाही नाही समजलं. मग दुसरी, मग सगळा वर्ग, एका सुरात.

सरांनी तिसऱ्यांदा यादी उघडली आणि तशीच मिटली. त्यांनी घाम पुसला आणि ते जितिनला म्हणाले, हिचं नाव आत्ताच्या आत्ता वर घे, सगळ्यांचीच घे. त्याच संध्याकाळी मिनीतून माझा आवाजही काढून टाकला. काढा म्हणावं, खुशाल काढा.