चंद्रीच्या घराचं माप

मला भुताखेतांच्या गोष्टी सांगायची हौस नाही. मी विनिता, बेलवलीची, आगऱ्यांची पोरगी, आणि तोंडाने किती फटकळ आहे ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. घरपट्टी नव्याने लावायची म्हणून घरं मोजायचं काम एका कंपनीला मिळालं आणि कंपनीने ते माझ्या गळ्यात मारलं. लेझर मीटर एका भिंतीला टेकवायचा, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो, अंतर येतं. मग राहणाऱ्या माणसाचा दारात फोटो. मोबाईलमधलं ॲप चेहऱ्याभोवती पिवळी चौकट काढतं आणि चौकट आली तरच फोटो निघतो. शेवटी दारावर लाल रंगाने नंबर टाकायचा आणि पुढचं घर गाठायचं.

टॉवरमधल्या माणसांचं तर विचारूच नका. बाल्कनी आत घेऊन हॉल केलेला असतो आणि मला सांगतात, मॅडम, ही बाल्कनीच आहे. भाडेकरूची ओळख मामा म्हणून करून देतात. सगळ्यांना घर लहान दाखवायचं असतं.

म्हणून सोनिवलीच्या पुढच्या कातकरी वाडीत गेले तेव्हा मी चक्रावलेच. वाडीतल्या पक्क्या घरांना नंबर होते. वाडीबाहेर, नव्या टॉवरच्या कंपाउंडला लागून, एक कुडाचं घर मात्र राहून गेलेलं. त्याच्या दारात चंद्री नावाची साठीची बाई माझी वाट बघत बसली होती. ही माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. मागची मोजणी नेमकी त्याच दिवसांत झाली, दार बंद दिसलं, कुणीतरी ‘रिकामे’ असं लिहिलं आणि घर कागदावरून उडालं. आता शेजारची जमीन घेतलेला माणूस इथे कुणी राहतच नाही, झोपडं पाडा, असं सांगत फिरत होता. चंद्रीची लेक रविना नवऱ्याबरोबर भट्टीवर गेली होती. चंद्री यंदा गेली नव्हती, मोजणी येणार म्हणून खास माझ्यासाठी थांबली होती.

“बाय, घरपट्टी लाव,” ती म्हणाली. “माज्या रविनाला घर ऱ्हायला पायजे.”

घरपट्टी लावा म्हणणारं माणूस मला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं. घरपट्टीने मालकी मिळत नाही, हे मलाही कळतं. पण पाडायला आलेल्या माणसाच्या तोंडासमोर धरायला या बाईकडे दुसरा कुठला कागद होता?

आत गेले. एकच खोली, सारवलेली, कोपऱ्यात चूल. कूड वरून झुकलेला होता म्हणून मीटर गुडघ्याच्या उंचीला धरला. लांबी अठरा फूट तरी असणार, नजरेनेच कळत होतं. आकडा आला नऊ फूट सहा इंच.

परत दाबलं. नऊ सात. मग सहा. मग पुन्हा सात. समोरच्या भिंतीवर ठिपका नव्हताच. तो चुलीपाशी होता, अधांतरी, तिथे माणूस उकिडवा बसला तर त्याची छाती येईल तेवढ्या उंचीवर. तो जरासा पुढे यायचा आणि जरासा मागे जायचा, आपला श्वास चालतो तसा.

मीटर बिघडला असं मी मोठ्याने म्हटलं, स्वतःलाच ऐकवायला. चंद्रीने चुलीकडे बघितलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

“सरक की जरा. बाय माप घेतेय.”

ठिपका सुटून थेट भिंतीवर गेला. अठरा फूट दोन इंच.

मग तिने आपणहून सांगितलं. तिचा नवरा वाळू गेल्या वर्षी भादव्यात तिथेच, चुलीपुढे बसल्या जागी गेला. भट्टीवर जायला त्याला कधीच आवडायचं नाही, घर सोडवत नसे. आता सोडावंच लागत नाही, असं म्हणून ती हसली. मला काही हसू आलं नाही. फोटो काढला, राहणारी माणसं एक असं लिहिलं, नंबर टाकला आणि टॉवरच्या गेटपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

दोन महिन्यांनी आमचे उल्हासनगरचे सुपरवायझर मुकेश सर यांनी बोलावून घेतलं. त्या घरावर हरकत आली होती. चंद्री दहा दिवसांपूर्वी वारली, घराला कडी आहे, रिकाम्या घराला नंबर कसा, असं त्या जमीनवाल्याने लिहून दिलं होतं. रविना येऊन आईचं सगळं करून गेली होती, भट्टीच्या मुकादमाने दोनच दिवस सोडली होती तिला. मुकेश सर म्हणाले, जाऊन फोटो काढ, दारात चेहरा मिळाला तर घर राहील, नाही तर ॲप आपोआप ‘रिकामे’ धरेल. यात माझ्या हातात काही नाही, असंही म्हणाले. मेल्यांच्या हातात कधी काही असतं का!

भर दुपारी पोचले. दाराला नुसती कडी होती. काढली. आत कुणी नाही, चूल थंड, वळकटी नीट बांधून ठेवलेली. मला खूप वाईट वाटलं. ही बाई माझ्यासाठी थांबली होती आणि तिचं घर आता माझ्याच हातून पुसलं जाणार होतं. का कोण जाणे, मी मीटर काढला आणि गुडघ्याच्या उंचीला धरला.

तीन फूट.

ठिपका माझ्यासमोरच होता, दारात आलेल्या पाहुण्याला घ्यायला माणूस पुढे येतं तेवढ्या अंतरावर. ओरडणारच होते. पण आवाज निघाला तो असा:

“मावशी, मी विनिता. जरा सरका ना.”

नऊ फूट सहा इंच. सात. सहा.

“दादा, तुम्हीपण.”

अठरा फूट दोन इंच.

मी बाहेर अंगणात आले. मोबाईल दाराकडे धरला, उघडं दार, मागे अंधार. फोटो काढायचाय, दोघं दारात या, असं मी म्हटलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग उंबऱ्यावर एक पिवळी चौकट आली. मग तिच्या शेजारी, थोडी वर, दुसरी. फोटो निघाला. त्यात नुसतं दार दिसतं, पण ॲपने तो घेतला. मी राहणारी माणसं दोन असं भरलं आणि पाठवून दिलं. हरकत फेटाळली गेली.

जूनमध्ये रविनाचा फोन आला. भट्टीवरून परतल्यावर तिने शेजाऱ्याकडून घरपट्टीचा कागद वाचून घेतला होता आणि त्यावरच्या माझ्या मोबाईल नंबरवर फोन लावला होता.

“मॅडम, यात राहणारी मानसं दोन लिवलीत. आमी तर नवतो. कोनी सांगितलं तुमाला?”

कुणी सांगितलं नाही, मी मोजली, असं मी म्हटलं. तिच्या मागे चुलीवर काहीतरी फोडणीला पडल्याचा आवाज येत होता.

“मंग आता चार लिवा,” ती म्हणाली.