बायकोचं म्हणणं

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शेरीफच्या कार्यालयाची पांढरी गाडी टॅकेटांच्या घरासमोर थांबली. वेळ साडेदहाची ठरली होती. नोरीन टॅकेटने खिडकीतून गाडी पाहिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हातातलं फडकं तीनदा घडी घालून ओट्यावर ठेवलं. रॉयस साडेदहाला येणार होता. दगडखाणीपासून घर पंधरा मिनिटांवर होतं, आणि वेळ चुकवणाऱ्यांतला तो नव्हता.

दारात साठीची, ठेंगणी, जाड कोटातली बाई उभी होती. बगलेत फाइल होती.

"मी ऑस्ट्रँडर. शस्त्र परवान्यांची चौकशी माझ्याकडे असते. जरा लवकरच आले. चालेल ना?"

"हो, मॅडम. पण माझा नवरा अजून..."

"त्यांच्याशी मागच्या आठवड्यात बोलणं झालंय. आज तुमच्याशी बोलायचंय. आणि मला मॅडम म्हणू नका हो, इकडे कुणी म्हणत नाही. आपण कुणाच्या तरी शाळेत आलोय असं वाटतं."

"हो, मॅडम," नोरीन म्हणाली.

ऑस्ट्रँडरबाईंनी उंबऱ्याशी बसून बूट काढले. त्याला बराच वेळ लागला. बाहेर मार्चचं बर्फ अजून गुडघाभर होतं. फक्त टॅकेटांचं अंगण दारापासून रस्त्यापर्यंत झाडून पुसल्यासारखं स्वच्छ होतं.

"एवढं बर्फ कोण काढतं?"

"रॉयस."

"शेजारचे कोवॅल्स्की सांगत होते. म्हणाले, हा टेनेसीवाला आमची सगळ्यांची लाज काढतो."

नोरीनने कॉफी ओतली. कप बशीसकट बाईंसमोर ठेवला.

डिसेंबरात ती दोघं इथे, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला राहायला आली, ती रॉयसच्या दगडखाणीतल्या मुकादमाच्या नोकरीसाठी. टेनेसीत त्याचं रिव्हॉल्व्हर त्याच्या वडिलांकडून त्याच्याकडे आलं होतं, आणि ते घरात ठेवायला त्याला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. इथला नियम उलटा. आधी परवाना, मग हत्यार. म्हणून निघताना ते भावाकडे ठेवावं लागलं. परवाना हातात पडला की त्याच शनिवारी तो ट्रक घेऊन जाणार होता आणि ते घेऊन येणार होता. ते घरात नव्हतं त्याला अकरा आठवडे झाले होते. नोरीनने ते मोजले होते, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

अर्जात चार ओळखीच्या माणसांची नावं लागत होती, आणि घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची. रॉयसने नोरीनचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्याच्या गावी बायकोचं म्हणणं म्हणजे चर्चमधलं 'आमेन'. सगळे म्हणतात, आपणही म्हणायचं. तरीही रविवारी प्रार्थनेहून आल्यावर त्याने तिला टेबलाशी बसवून दोन वाक्यं सांगितली आणि पाठ होईपर्यंत म्हणून घेतली. तो न कंटाळता, न चिडता ऐकत राहिला. "अठरा वर्षं हे म्हणायचंच," तो म्हणाला. "आकडा आला की लोकांना खरं वाटतं."

ऑस्ट्रँडरबाईंनी फाइल उघडली.

"त्यांनी तुमच्यावर कधी हात उगारलाय?"

"नाही, मॅडम."

"धमकी दिलीय? शब्दाने?"

"नाही."

"दारू?"

"नाताळात एक ग्लास. तोही पुरा नाही."

तिन्ही उत्तरं खरी होती. बाईंनी तीन ठिकाणी खुणा केल्या. घड्याळात दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

"आणखी काही सांगायचंय?"

नोरीनने हात मांडीवर घेतले. "रॉयसचं डोकं नेहमी थंड असतं," ती म्हणाली. "अठरा वर्षांत त्याने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही."

बाईंनी लिहायला टेकवलेलं पेन वर उचललं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"हे वाक्य मी आठवड्याभरात पाचव्यांदा ऐकतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाद्रीबुवांनी सांगितलं. खाणीच्या साहेबांनी सांगितलं. तिसऱ्याने फोनवर वाचून दाखवलं, मला कागदाचा आवाज आला. आणि कोवॅल्स्कींनी तर अगदी अठरा वर्षांसकट. मी म्हटलं, अहो, हे लोक तुमच्या शेजारी डिसेंबरात आले. तर म्हणतात, मग अठरा आठवडे लिहा."

नोरीनला हसू फुटलं. ते तिलाच अनपेक्षित होतं; तिने तोंडावर हात दाबला आणि दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"पढवलेलं असलं म्हणून खोटंच असतं असं नाही," बाई म्हणाल्या. "आवाज न चढवणारी माणसं असतात. मग ते चिडले की काय करतात?"

हा प्रश्न फाइलमध्ये नव्हता. बाईंनी फाइल मिटलेली होती.

"हल्ली बर्फ काढतो," नोरीन म्हणाली.

"आणि हल्लीच्या आधी?"

फ्रिजची घरघर थांबली, तेव्हा तो इतका वेळ चालू होता हे लक्षात आलं. नोरीनने टेबलक्लॉथवरची एक सुरकुती बोटाने सरळ केली. ती पुन्हा उठली. तिने ती पुन्हा सरळ केली.

"साफ करतो."

"काय?"

"ते रिव्हॉल्व्हर. जेवायच्या टेबलावर. माझं ताट असतं तेव्हा." ती सुरकुतीशी बोलत होती. "आधी गोळ्या काढतो. माझ्या ताटाशेजारी ओळीने उभ्या करतो. मग तेल, मग फडकं. बोलत काहीच नाही. झालं की मग विचारतो, भाजी कशी झाली होती गं? आणि मी उठायचं नसतं."

"उठायचं नाही असं सांगितलंय त्यांनी?"

"नाही, मॅडम. सांगितलं नाही कधी."

"पण गोळ्या काढलेल्या असतात."

"हो. मी मोजते. सहा." नोरीनने सुरकुती बोटाखाली दाबून धरली. "एकदा पाच होत्या."

"सहावी कुठे होती?"

"विचारलं नाही. जेवत राहिले."

तीस वर्षं ऑस्ट्रँडरबाईंनी या जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांत बसून बायकांची उत्तरं ऐकली होती, आणि ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी जायची सवय त्यांना उगीच लागली नव्हती. त्यांनी स्वतःच्या मनगटावर पाहिलं. दहा चोवीस.

"हे मी लिहू का?"

"त्याला कळेल?"

"मी लिहिते ते न्यायाधीश वाचतात. त्यांनी नकार दिला तर कारण लेखी कळवावं लागतं, तो कायदा आहे. मी नाव घालत नाही. पण या घरात तुम्ही दोघंच राहता. त्यांना विचार करायला फार वेळ लागणार नाही. तुम्हाला फसवून काय मिळणार मला?"

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर कागदावर त्यांच्याविरुद्ध काही नाही. बहुतेक मिळेल परवाना."

म्हणजे रिव्हॉल्व्हर येईल, किंवा नकाराचं लेखी कारण येईल.

बाईंनी एक छोटं कार्ड टेबलावर सरकवलं. त्यावर घरात धोका असलेल्या बायकांना मदत करणाऱ्यांचा फोन नंबर होता. नोरीनने ते एका बोटाने परत सरकवलं.

"घरात कागद राहत नाही, मॅडम. सापडतो."

"मग पाठ करा. त्यात तर तुम्ही तयार आहात."

बाई हे हसून म्हणाल्या नाहीत. नोरीनने कार्ड न उचलता तीनदा वाचलं, मग बाईंनी ते परत फाइलमध्ये घातलं. कोपऱ्यावर ट्रकने गिअर बदलल्याचा आवाज आला. त्याबरोबर ती उठून ऑस्ट्रँडरबाईंचा अर्धा भरलेला कप धुवायला घेऊन गेली. तिने नळ सोडला. पाठमोरीच होती.

"लिहा," ती म्हणाली.

रॉयस आत आला तो टोपी हातात घेऊनच. उंच, किडकिडीत माणूस; दाढी गुळगुळीत. "अरेरे, मी उशिरा आलो की मॅडम तुम्ही लवकर?"

"मी लवकर."

"मग माझ्या बायकोने तोंड उघडलं की मलाच येऊन उघडायला लागणार? फार कमी बोलते ती. लग्नातसुद्धा 'हो' म्हणायला पाद्रीबुवांनी दोनदा विचारलं होतं."

"पुरेसं बोलल्या," ऑस्ट्रँडरबाई म्हणाल्या आणि बूट घालायला वाकल्या. रॉयसने त्यांना कोट धरला, गाडीपर्यंत हाताला धरून नेलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो अंगणात उभा राहिला.

आत येऊन तो टेबलाशी बसला.

"काय काय विचारलं?"

"हात उगारतो का. धमकी देतो का. पितो का."

"आणि?"

"नाही म्हटलं."

"आणि आपली वाक्यं?"

"म्हटली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्याने मान डोलावली. मग उंबऱ्याकडे पाहून म्हणाला, "तिने बूट काढले होते."

"फरशी ओली होईल म्हणून."

"चांगली बाई आहे," रॉयस म्हणाला. "पाच मिनिटांसाठी कुणी बूट काढत नाही." आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मग त्याने पुन्हा कोट चढवला, फावडं घेतलं आणि जिथे बर्फ नव्हतंच अशा अंगणात तो दुपारच्या पाळीची वेळ होईपर्यंत खरवडत राहिला. लोखंड दगडावर घासल्याचा आवाज नोरीन ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तो मध्येच थांबला की तिचा हातही थांबायचा.

पुढचे चार आठवडे काहीच आलं नाही. बर्फ वितळलं, अंगणातला चिखल वर आला, आणि फावडं गॅरेजमध्ये खुंटीला गेलं. रॉयस जेवताना पूर्वीपेक्षा कमी बोलू लागला. तिच्या कोटाच्या खिशातली दुकानाची जुनी पावती तिला एकदा टेबलावर सरळ करून ठेवलेली सापडली. नोरीन भांडी घासताना तो फोन नंबर मनात म्हणायची. ओठ हलू नयेत म्हणून दात आवळून. घरात गाडी एकच होती, आणि तिची किल्ली रॉयसच्या पट्ट्याला असायची.

एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी पत्र आलं. पाकीट रॉयसच्या नावाचं होतं. नोरीनने ते उजेडात धरूनही पाहिलं नाही. संध्याकाळी त्याने ते उभ्यानेच फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

"निर्णय देण्यापूर्वी सुनावणी होईल. शुक्रवारी, साडेनऊ वाजता, अर्जदाराने पत्नीसह हजर राहावं." तो थांबला. पुढची ओळ त्याने आधी मनात वाचली, मग मोठ्याने. "पत्नीचं म्हणणं स्वतंत्र दालनात ऐकलं जाईल."

त्याने पत्राची घडी मूळ रेघांवरूनच घातली.

"कोवॅल्स्कीला विचारून येतो," तो म्हणाला. दहा मिनिटांत परत आला. "त्याचा परवाना तीस वर्षांचा आहे. त्याच्या बायकोला कधी बोलावलं नव्हतं म्हणतो."

नोरीनने बशा मांडल्या.

"तुला काय वाटतं, नोरी? का बोलावलं असेल?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"मलाही नाही कळत," रॉयस म्हणाला आणि तिच्या खांद्यावरचा एक केस दोन बोटांत उचलून टाकला.

शुक्रवारी त्याने रजा टाकली. सकाळी त्याने तिच्यासाठी ट्रकचं दार उघडलं आणि तिचा कोट दारात अडकू नये म्हणून आत सारला. न्यायालय बारा मैलांवर होतं. पहिले सात मैल रेडिओवर हवामानाचा अंदाज चालला होता. मग त्याने रेडिओ बंद केला.

आठ बावन्नला त्यांच्यासमोर रेल्वेचं फाटक पडलं. दगड भरलेली मालगाडी होती, खाणीतलीच, आणि तिला शेवट दिसत नव्हता. मागे एक शाळेची पिवळी बस येऊन थांबली. रॉयसने इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत धरली आणि तिच्याकडे वळून बसला.

"तोवर एकदा म्हणून घे," तो म्हणाला. "रॉयसचं डोकं..."

नोरीन समोर बघत होती. डबे जात होते. तिचे हात मांडीवर होते आणि एका हाताने तिने दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं होतं.

"नोरी. म्हण ना."

ट्रकची काच थरथरत होती. बसमधल्या मुलांचा गलका बंद काचांतून येत होता. रॉयस थांबला होता. त्याला कधीच घाई नसायची.

आठ एकोणसाठला मालगाडी अजून जातच होती, फाटक अजून पडलेलंच होतं, आणि नोरीनने पहिला शब्दही म्हटलेला नव्हता.