केशोरीच्या जवसातली अमरवेल

मी शेतातली एक जुनी अमरवेल आहे, मित्रांनो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! म्हणायला अमर, पण ना पान, ना मूळ. दुसऱ्याच्या अंगातला रस मिळाला तरच जगते, आणि ज्याला मिठी मारते तेच वाळतं. मग मला जवळ कोण करणार?

देश स्वतंत्र झाला त्या साली मी बी होऊन केशोरी गावच्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पडले. धान निघालं की तिथं जवस असे. त्या वर्षी आम्ही अमरवेलींनी सारा जवस फस्त केला. एकच झाड हिरवंगार उरलं. त्याच्या खोडात आमचं तोंडच रुतेना. शेताची मालकीण धुरपताबाई, तिनं त्याचं बी वाळक्या भोपळ्याच्या तुमडीत जपलं, वाढवलं आणि बाकीचं जुनं बी टाकून दिलं. पुढं बांधीभर त्या एकाच झाडाची लेकरं डोलू लागली. आजूबाजूची माणसं तिच्याकडे बियाणं मागायला येत.

माझी भावंडं दरसाल उगवायची, खोडाला विळखा घालायची आणि उपाशी मरायची. माझ्या बियाचं कवच टणक, म्हणून मी मातीत बारा वर्षं तशीच पडून होते. फार एकटं वाटायचं हो!

यंदा मी उगवले. विळखा घातला, तर काय, खोडानं मला आत घेतलं! माझ्या बीजातच एखादा गुण बदलून आला असावा. एक झाड वश झालं तशी शेजारचीही झाली, कारण सगळी एकाच रक्ताची. मला कळ्या आल्या. आता माझी लेकरं होतील, या जवसाला न भिणारी! मी हरखून गेले.

धुरपताबाईनं मला पाहिलं आणि तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून जवसाची झाडंच उपटू लागली.

“काऊन रडून राहिली वं?” तिचा नवरा चैतराम म्हणाला. “वेल तेवढी ओढून फेक. चांगला जवस कायले उपटतं?”

“तुकडा रायला त पुन्ना धरते. अन् इचं बी पडलं त माह्या जवसाचं बी संपलं समजा.”

फुलावर आलेला जवस तिनं माझ्यासकट धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, रचला, वर धानाचं तणस टाकलं आणि काडी लावली.

मित्रांनो, जळता जळता सांगते. बियाणं कधी एकाच झाडाचं ठेवू नका. आणि मी दिसले तर कळ्या उमलायच्या आत उपटा, माझी कीव करू नका.

चैतराम घरी गेला. धुरपताबाई मात्र माझा एक धागाही उरू नये म्हणून काठीनं ढीग सारखा करत, ऊन उतरेपर्यंत बसून राहिली. इतका वेळ माझ्याजवळ कधीच कुणी बसलं नव्हतं.