साडेदहाला सुटलेली शाळा

शाळा सुटायची दीड वाजता. त्या दिवशी ती साडेदहालाच सुटली, आणि सुटली म्हणजे काय, धो धो सुटली! लांबलचक घंटा झाली, शिपायाने सवयीने फाटक उघडलं, आणि मोठे सर "अरे थांबा, थांबा!" म्हणत कचेरीतून बाहेर येईपर्यंत निम्मी पोरं रस्त्यापलीकडे. त्यांना गोळा करून आणता आणता शिक्षकांच्या तोंडाला फेस आला.

घंटा दिली होती दुसरीतल्या भिंगरीने. दुसरीच्या बाईंनी एक पद्धत पाडली होती. ज्याला घड्याळ वाचता येईल, त्याच्या हाती आठवडाभर घंटेची हातोडी. नाहीतर पोरांना घड्याळ शिकवणं म्हणजे नुसती डोकेफोड! पण हातोडीसाठी पोरं जिवाचं रान करत. भिंगरीने तर घरी पातेल्यावर पळी आपटून आपटून शेजाऱ्यांना वात आणला होता. पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटे बाईंनी हवे तसे फिरवून तिला विचारलं. पोरगी एकदाही चुकली नाही. हातोडी तिने रीतसर कमावली होती, आणि ही तिची पहिलीच घंटा होती.

ती मोठ्या सरांनी काढून घेतली. "घड्याळ कळत नाही तर घंटेला हात कशाला लावायचा?" एवढंच म्हणाले, पण सगळ्यांसमोर म्हणाले. पोरांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. भिंगरी दिसली की सुरू, "दीड वाजला गं, दीड वाजला!" दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, पोरगी आहे, विसरेल. बाईंना मात्र चैन पडेना. काय बाई होत्या हो त्या! पोराची चूक दिसली की रागवायच्या आधी ती आली कुठून हे शोधायच्या. आणि भिंगरी अंदाजपंचे ठोकून देणाऱ्यातली नव्हतीच. "आज वेळ इतका लवकर कसा गेला, मलापण नवल वाटलं बाई, पण घड्याळात दीडच वाजला होता," असं तिने रडत रडत सांगितलं होतं. म्हणजे तिने नीट पाहिलं होतं. मग तिला दिसलं तरी काय?

शाळेतलं काम आवरून बाई थेट तिच्या बाबांच्या सलूनमध्ये गेल्या. एक खुर्ची, एक बाक, भिंतभर आरसा. आईची नोकरी दिवसभराची, त्यामुळे भिंगरी रांगत होती तेव्हापासून इथेच वाढलेली. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून खुर्चीत तीच बसली होती, तोंड पाडून.

"बाई, शाळाच नको म्हणते आता," बाबा कंगवा पुसत म्हणाले. "मी तर हात टेकले."

बाईंनी शाळेचं नावच काढलं नाही. "किती वाजले गं?" त्यांनी सहज विचारलं.

भिंगरीने डोळे वर केले. "सव्वाचार."

बरोबर होतं. पण घड्याळ कुठे होतं? समोर तर आरसा. बाईंनी मागे वळून पाहिलं. दाराच्या वर लावलं होतं, गिऱ्हाइकाला मान न वळवता आरशात दिसावं म्हणून. आकडे नाहीत, नुसत्या रेघा. शाळेच्या व्हरांड्यात अगदी तसलंच होतं. बाईंनी पुन्हा आरशात पाहिलं. त्यांना तिथे पावणेआठ दिसले.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पुठ्ठ्यावर पोरगी आकडे वाचत होती. पण रेघांचं घड्याळ तिने आजवर पाहिलं ते आरशातलंच, आणि बाबांना विचारून विचारून तेच अचूक शिकली होती. साडेदहाचे काटे तिला दीडचे वाटणारच की! अगं माझे बाई, बाईंच्या मनात आलं, मला हे वाचायचं तर घाम फुटेल. त्यांना तिचं इतकं कौतुक वाटलं की डोळेच भरून आले.

आता इथे आपण असतो तर लगेच समजावत बसलो असतो. बाई तसं करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची धरली आणि गर्रकन दाराकडे फिरवली.

"आता किती?"

"पावणेआठ," भिंगरी म्हणाली आणि दचकली. दारातून चांगलं रखरखीत ऊन आत येत होतं. "बाबा, घड्याळ बिघडलं!"

बाईंनी तिला आरशाकडे फिरवलं. सव्वाचार. दाराकडे. पावणेआठ. बाबा आ वासून बघत राहिले. पुन्हा आरसा आला तशी भिंगरीने पाय टेकवून खुर्ची स्वतःच थांबवली. आरशातल्या काट्यांकडे बघत तिने एक हात हळूच बाजूला पसरला, मग मागे वळून खरे काटे पाहिले.

"हे तिकडे जातात, ते इकडे!" ती ओरडली. "बाई, मी आरशातलं शिकले!"

"मग शिकलीसच की. मलासुद्धा येत नाही ते," बाई म्हणाल्या. "आता भिंतीवरचं शिक."

ती शिकवणी अंधार पडेपर्यंत चालली. खुर्ची दाराकडेच राहिली. एका गिऱ्हाइकाची दाढी तर रस्त्याकडे तोंड करून झाली.

सकाळी बाईंनी मोठ्या सरांकडे हातोडी मागितली.

"आणि पुन्हा शाळा सोडून दिली तर?"

"तर पोरं मी एकटी गोळा करून आणीन. चूक माझी होती, सर. मी पुठ्ठ्यावर शिकवलं आणि भिंतीवरचं विचारलंच नाही."

सरांनी हातोडी दिली, आणि ती घेऊन भिंगरी व्हरांड्यात घड्याळासमोर उभी राहिली. बाई वर्गात गणितं घालायला लागल्या. बाहेरून मोठ्या पोरांचा आवाज आला, "दीड वाजला गं!" शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन कुजबुजल्या, "अहो, जाऊन उभ्या तरी राहा तिच्याजवळ."

"कशाला? तिला येतं," बाई म्हणाल्या आणि पुढचं गणित लिहायला लागल्या.

थोड्या वेळाने घंटा झाली. मोजके, ठसठशीत टोल, मधल्या सुट्टीचे. शेजारच्या बाईंनी पटकन मनगटावरचं घड्याळ पाहिलं. कचेरीच्या दारात मोठ्या सरांनीही पाहिलं. दुसरीच्या बाईंनी मात्र काही पाहिलं नाही. त्यांनी खडू खाली ठेवला आणि वर्गाला सांगितलं, "साडेदहा वाजले. चला, डबे काढा."