भुंग्यांसाठी ठेवलेली चौकट

“काका, ही चौकट इथं कोणी ठेवली?”

मधमाश्यांच्या रोगांच्या तपासनीस बाईंनी कोठीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मधमाश्यांच्या पेटीतली, मध काढून झालेली चिकट चौकट तिथं विटांवर टेकवली होती. बाजूलाच भिंतीच्या बुडाला भोक होतं. त्यातून केसाळ, जाडजूड रानभुंगे ये-जा करत होते.

“मीच,” फिटर म्हणाला. “राहिलेला मध चाटतील बिचारे. फुलं कमी झालीत आता.”

बाईंनी हातमोजे चढवले, चौकट पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली. 

उभा जन्म त्याने लोकांचे नळ दुरुस्त केले. मधमाश्यांच्या पेट्या हा निवृत्तीनंतरचा उद्योग. बायकोला त्या कधी आवडल्या नाहीत. “तुमच्या या चावऱ्या बाया तुम्हालाच लखलाभ. माझे जाडोबा बरे,” म्हणायची. तिचे जाडोबा म्हणजे हे भुंगे. दरवर्षी ते त्या भोकातून शिरून कोठीतल्या जुन्या गादीत घर करत आणि ती गादीला कोणाला हात लावू देत नसे. गेल्या हिवाळ्यात ती गेली. थंडी सरल्यावर एक भुंगा गुणगुणत आला आणि थेट त्या भोकात शिरला. तिच्यामागे घरात पूर्वीसारखं घडलेलं तेवढंच.

मग पेट्यांत पंख चुरगळलेल्या माश्या दिसू लागल्या. बाई पहिल्यांदा आल्या त्या त्याचसाठी. तेव्हा पायरीवर मरून पडलेले दोन भुंगेही फिटरने त्यांना काडेपेटीत घालून दिले होते.

“पंख बिघडतात त्याला माश्यांच्या अंगावरचा बारीक किडा कारण आहे,” बाई म्हणाल्या. “तो भुंग्यांवर टिकत नाही.”

“मग सुटलो.”

“थांबा, काका. तुमच्या माश्यांच्या पोटात आणखी एक परजीवी निघालाय. डोळ्यांना न दिसणारा. त्या दोन भुंग्यांच्या पोटातही तोच आहे.”

“माश्यांचा रोग भुंग्यांना होतो?”

“होतो. एकाच फुलावर दोघं बसतात, तिथून जातो. आणि ही चौकट म्हणजे तर ताटात वाढूनच दिल्यासारखं झालं.”

कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी मेहुणी खुदकन हसली. “ताई म्हणायचीच, भाऊजी. तुम्ही मदतीला धावलात की घरात पाणी साचतं!”

फिटरने वळून पाहिलं. त्याचा चेहरा बघून ती हातातला टॉवेल उगाच पुन्हा पिळू लागली.

“औषध द्या काहीतरी,” तो बाईंना म्हणाला.

“पेट्यांचं बघता येईल. रानातल्या जिवाला कुठून देणार? घर उकरलं तर आहे तेही मोडेल.”

“पेट्या आजच हलवतो.”

“रोगी पेट्या हलवता येत नाहीत. दुसऱ्याच्या दारात रोग जाईल.”

“बंद करून ठेवतो.”

“या उकाड्यात गुदमरतील.”

“मग जाळून टाकतो!”

“जाळून फुलं धुतली जाणार आहेत का, काका? आणि या भागात पेट्या काय तुमच्या एकट्याच्याच आहेत?”

तो विटांवर बसला. “पुढच्या वर्षी येतील का?”

“बाकीचे भुंगे थंडीत मरतातच. या घरातल्या नव्या राण्या थंडी काढतील, त्या येतील. पण त्यांना लागण झाली असेल तर…” बाईंनी हातमोजे काढले. “सांगता येत नाही.”

बायकोच्या आजारपणात दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरही असंच म्हणाले होते. मी काय करू, असं फिटरने तेव्हाही विचारलं होतं. “बसा,” ते म्हणाले होते. तो बसला होता.

बाई गेल्या. कुठल्याही गळतीला कुठंतरी बंद करायचा कॉक असतोच, तो सापडला की काम झालं, एवढ्या एका भरवशावर त्याची नोकरी निघाली होती. त्याने अंगणभर नजर फिरवली. दाराशी बायकोने लावलेल्या झाडांवर अजून निळे तुरे होते, आणि त्याच्याच पेट्यांतल्या माश्या त्यांवर घोंघावत होत्या.

तो आत गेला, पलंगावरची मच्छरदाणी सोडवून आणली आणि माश्या हाकलून झाडांवर पसरली. कडांवर विटा ठेवल्या.

माश्या जाळीवर बसल्या, फिरल्या, उडून गेल्या. मग भोकातून एक भुंगा आला. जाळीवर आपटला, मागे गेला, पुन्हा आपटला. आतली फुलं त्याला दिसत होती. दुसरा आला, तोही आपटू लागला.

“भाऊजी,” मेहुणी हळूच म्हणाली, “त्यांची उपासमार करताय तुम्ही.”

“कळतंय गं.”

त्याने एक वीट सरकवली आणि जाळीची कडा उचलून धरली. भुंगा खालून आत गेला आणि तुऱ्याला लटकला. त्याच्या भाराने तुरा वाकला. पाठोपाठ एक मधमाशी फिटरच्या मनगटाला घासून आत शिरली आणि शेजारच्या फुलावर बसली. दुसऱ्या हाताने त्याने तिला हाकलायचा प्रयत्न केला, तर भुंगाच दचकून उडाला, जाळीत भिरभिरला आणि पुन्हा त्याच तुऱ्यावर येऊन बसला.

फिटरने हात मागे घेतला. कडा तेवढी धरून ठेवली, भुंग्याला बाहेर पडता यावं म्हणून.