लक्ष्मीबाई पाटील, पाटील गल्ली

फोन वाजला तेव्हा लक्ष्मीबाई परड्यात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होती. मातीचा हात पदराला पुसून तिनं फोन कानाला लावला.

"हॅलो, लक्ष्मीबाई पाटील न्हवं? तुमचं पार्सल हाय. घर कुठं आलं तुमचं? हितं नुसतं पाटील गल्ली लिवलंय, गावाचं नावच न्हाय."

अक्कोळ. जैन बस्तीच्या मागं. दारात शेवगा हाय ते घर. सगळं जिभेवर होतं. तिनं तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि बाहेर काहीच आलं नाही.

"हॅलो? आवाज येईना. हॅलो!"

तिनं नखानं फोनवर टकटक केली. मग फोन घेऊन तशीच रस्त्याकडं पळाली, कुणीतरी भेटेल, त्याच्या हातात फोन देता येईल म्हणून. टळटळीत दुपार, बोळात चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या मालुबाईच्या दाराला कुलूप. फोनमधला माणूस "बोला की वो!" म्हणून ओरडला आणि त्यानं फोन ठेवला. तिनं उलटा लावला. त्यानं उचलला, "कोण?" म्हणाला, जरा वाट बघितली आणि पुन्हा ठेवला. त्यानंतर त्यानं उचललाच नाही.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरला लक्ष्मीबाईच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ स्वरपेटीत होती, ती पेटीच काढावी लागली. आता ती गळ्याच्या खळीत केलेल्या छिद्रातून श्वास घ्यायची आणि त्यावर पांढरा सुती रुमाल बांधायची. एके काळी तिची हाक मळ्यातल्या विहिरीपर्यंत जायची. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पूजेच्या वेळी बाकीच्या बायका तिच्या मागं सूर धरायच्या. लिहायला ती कधी शिकली नव्हती, त्यामुळं तीच बाई आता नुसते ओठ हलवायची आणि समोरचा माणूस तिच्या तोंडाकडं बघत अंदाज बांधायचा.

त्या पार्सलात होतं गळ्याला बाहेरून टेकवून बोलायचं यंत्र. मुठीत मावेल एवढं. बटण दाबलं की ते गुणगुणायचं, आणि ओठ-जीभ हलवली की त्या गुणगुणण्याचे शब्द व्हायचे. इस्पितळात तिनं ते एकदा लावून बघितलं होतं. पुण्याला दिलेल्या तिच्या लेकीनं, निशानं, आईच्या नावावर, आईचाच नंबर टाकून तसलं एक मागवलं होतं. तेव्हापासून लक्ष्मीबाईचा सगळा जीव दाराशी लागलेला.

संध्याकाळी मेसेज आला. पार्सल पोचलं. स्वतः स्वीकारलं.

सुकुमार, तिचा नवरा, मळ्यातून आला, त्यानं चष्मा लावून मेसेज वाचला आणि विचारलं, "मग? कुठं ठेवलंस?"

लक्ष्मीबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमारनं कंपनीच्या तक्रारीच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. कन्नडसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा. अखेर एक मुलगी हिंदीत बोलायला लागली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, की ज्यांच्या नावावर ऑर्डर आहे त्यांनाच माहिती देता येते. मॅडमना फोन द्या, त्यांनी फक्त आपलं नाव आणि पत्ता सांगायचा.

"अवो, तिला बोलाय येत न्हाय!" सुकुमारची हिंदी संपली आणि तो मराठीवर आला. "बोलायचं यंत्रच हाय त्या पार्सलात. ते मिळाल्याबिगर ती बोलंल कशी?"

"मी तुमची अडचण समजू शकते, सर. मॅडमना फोन द्या."

लक्ष्मीबाईनं फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. काय करणार होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं फोनशी तोंड नेलं, ओठांनी आपलं नाव उच्चारलं, पुन्हा उच्चारलं, गळ्यातल्या छिद्रातून नुसता वारा सूं करून गेला.

"मॅडम, तुमचा आवाज येत नाही. नेटवर्कमध्ये येऊन परत फोन करा. तुमचा दिवस चांगला जावो."

त्यानंतर तिला घरात बसवेना. बाहेर मोटारसायकल वाजली की ती दारात. कुणाची तरी दुधाची गाडी असायची. शेंगा वाळत घालायची आणि मध्येच सोडून उठायची. निशा रोज फोन करायची, सुकुमारशी बोलायची, आणि "आईला दे" म्हणून आईला एकटीच काहीबाही सांगत राहायची. लक्ष्मीबाई ऐकायची. ऐकून घेण्याचा तिला आता वीट आला होता. लेकीला हो म्हणायचं तरी फोनवर बोट आपटायचं. कोंबडीनं दाणे टिपावेत तसं.

शेवटी तिनं एके सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसलं, चपला घातल्या आणि सुकुमारच्या गाडीमागं जाऊन उभी राहिली.

"तू कशाला? मी जातो की निपाणीला," सुकुमार म्हणाला.

ती गाडीवर बसली.

निपाणीत हायवेला लागून पत्र्याच्या शेडमध्ये पार्सलं उतरायची. आत खोक्यांचे ढीग, चिकटपट्टी ओढल्याचे आवाज, आणि टेबलामागं कानात तार घालून बसलेला समर्थ नावाचा तरुण. तिथला साहेब तोच. त्यानं नंबर टाकून बघितलं.

"डिलिव्हर्ड आग्यद, अण्णा. पोचलंय. सिस्टीममध्ये क्लोज झालंय, आता आमच्या हातात काय न्हाय."

"कुणाला पोचलं?"

"लक्ष्मीबाई पाटील."

"ही काय लक्ष्मीबाई पाटील! तुझ्यासमोर उभी हाय!"

"मग मिळालं असंल की त्यांना."

सुकुमारचा पारा चढला. आवाज ऐकून खोकी उचलणारी पोरं थांबली, दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बघणारी माणसं मिळाली की सुकुमारला आणखी चेव यायचा. "ह्या बाईचा गळा कापलाय, ठावं हाय? हितं भोक हाय, भोक! त्यातनं श्वास घेती ती. दाखव गं. रुमाल काढ, बघू दे ह्यांस्नी!"

लक्ष्मीबाईचा हात रुमालावर गेला आणि तिनं तो घट्ट धरला. सगळ्यांचे डोळे तिच्या गळ्यावर. तिनं सुकुमारकडं बघितलं. तो बोलतच होता. तिच्या दुखण्याची अख्खी कथा, कोल्हापूरच्या डॉक्टरापासून ते नळीतून पाजलेल्या पेजेपर्यंत, तो त्या शेडमध्ये सांगत सुटला होता. ती वळली आणि बाहेर आली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. लिंबाच्या सावलीत गाड्या लावून पार्सल वाटणारे दोघं-तिघं चहा पीत उभे होते. लक्ष्मीबाईनं रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली. मग तिला सुचलं. त्या दुपारचा नंबर फोनमध्ये होताच की. इतके दिवस तिला वाटत होतं, लावून उपयोग काय, बोलता तर येत नाही. पण इथं बोलायची गरजच नव्हती. तिनं नंबर दाबला.

लिंबाखाली एकाच्या खिशात फोन वाजला.

माणूस तिशीचा, दाढी वाढलेली, पाठीवर त्याच्याहून रुंद पिशवी. त्यानं फोन बघितला आणि वैतागून म्हणाला, "ह्येच बघा. उचलला की गप. कोण मस्करी करतंय कुणास ठावं." लक्ष्मीबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आपला फोन त्याच्या डोळ्यांपुढं धरला. त्यावर त्याचाच नंबर, वाजत असलेला.

तो फोनकडं बघत राहिला, मग तिच्या रुमालाकडं.

"आक्का," तो म्हणाला, "ते तुम्ही हुता व्हय?"

तिनं मान हलवली.

त्याचं नाव भरमू. त्या दुपारी तो जवळच्या गळतगा गावात होता. पाकिटावर गावाचं नाव नाही, फोनवर कुणी बोलेना, म्हणून त्यानं तिथंच विचारलं, पाटील गल्लीत लक्ष्मीबाई पाटील कोण हाय? निघाली एक. तिला दिलं. "परत आणलं असतं तर ह्यो समर्थ बोंबललाच असता माझ्यावर," तो म्हणाला. "पर तुम्हाला बोलाय येत न्हाय हे मला कसं कळणार, आक्का?" सुकुमार बाहेर आला तो त्याची गचांडी धरायच्याच बेतात. लक्ष्मीबाई मध्ये उभी राहिली. भरमूनं पिशवी समर्थच्या टेबलाजवळ टाकली, "मोठ्या गाडीतला माल लाव तवर, आलो," म्हणाला आणि दोघांना गळतग्यातलं ते घर दाखवायला गाडीला किक मारली.

गळतग्यातल्या घराच्या सोप्यावर एक म्हातारी पाय पसरून बसली होती. लुगडं गुडघ्यावर सारलेलं, आणि हातातलं यंत्र गुडघ्याच्या वाटीवर टेकवून ती डोळे मिटून बसलेली. यंत्र गुणगुणत होतं. लक्ष्मीबाईला तो आवाज फाटकातच ओळखू आला.

म्हातारीची सून, सौम्या, लगबगीनं बाहेर आली. "आमचे हे बेंगळूरला असत्यात. आम्हाला वाटलं त्यांनीच पाठवलं, आत्तींच्या गुडघ्यासाठी. चोळायचं मशीनच दिसतंय की ते."

"लई गुण हाय ह्याचा," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "रोज लावतो मी. माझ्या नावावर आलंय."

"अवो आज्जी, ते गुडघ्याचं न्हवं!" सुकुमार सुरू झाला. "हिच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. कोल्हापूरला. डॉक्टर म्हणाला, अण्णा, बाई वाचंल पर आवाज..."

लक्ष्मीबाई सोप्याची पायरी चढली आणि तिनं म्हातारीपुढं हात पसरला. म्हातारीनं डोळे उघडले. तिनं आधी रुमाल बघितला, मग पसरलेला हात, मग पुन्हा आपला गुडघा. जीवावर आल्यासारखं करून तिनं यंत्र त्या हातावर ठेवलं. मागं सुकुमारचं चालूच होतं; तो आता नळीपर्यंत आला होता.

लक्ष्मीबाईनं यंत्र पदरानं पुसलं. इस्पितळात शिकवलं होतं तसं जबड्याच्या खाली, मऊ जागा चाचपून टेकवलं. बटण दाबलं.

"तुम्ही. गब्ब. बसा."

आवाज पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा होता. वर नाही, खाली नाही, एकाच पट्टीत. दारातलं कुत्रं भुंकत मागं सरलं. सौम्यानं तोंडावर हात घेतला. सुकुमार गप्प झाला, आणि त्याचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं हे त्यालाच कळेना.

"आगं बया!" म्हातारी म्हणाली. "ह्यात बोलणं बी हाय?"

लक्ष्मीबाई मात्र दचकली होती. हा आपला आवाज? प म्हणावं तर ब निघतो, आणि राग आला तरी तसाच, माया आली तरी तसाच. मनातल्या मनात तिनं इतके महिने जो आवाज जपला होता तो हा नव्हेच. क्षणभर तिला वाटलं, द्यावं हे परत म्हातारीच्या गुडघ्याला. पण म्हातारी तिच्याकडं बघत होती, आणि काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"गुडघा," तिनं बटण दाबून विचारलं, "लई दुखतो काय?"

झालं. म्हातारीला एवढंच पाहिजे होतं. तिनं गुडघ्याचं सांगितलं, मग कमरेचं, मग बेंगळूरला जाऊन विसरलेल्या लेकाचं. लक्ष्मीबाई मध्येच बटण दाबायची, काहीतरी विचारायची, एखादा शब्द कळला नाही तर म्हातारी "आँ?" करायची आणि लक्ष्मीबाई पुन्हा सांगायची. भरमू कधीच निघून गेला होता. सुकुमार सूर्याकडं बघून चुळबुळायला लागला. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे. "हितंच जेवा की, आम्ही बी बस्तीचंच," म्हातारी म्हणाली. जेवतानासुद्धा लक्ष्मीबाईनं यंत्र मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घरी पोचल्यावर तिनं स्वतः निशाला फोन लावला. "बाबा?" निशा म्हणाली.

"मी. आई."

पलीकडं निशा रडायला लागली.

"रडू. नको. ऐक," लक्ष्मीबाई म्हणाली. तिला खूप सांगायचं होतं. त्या शेडमधलं, लिंबाखालचं, सुकुमार किती बोलतो ते. "मी तुला सांगतो, त्या दिवशी..." आणि यंत्राचं गुणगुणणं पातळ झालं, खरखरलं, बंद पडलं. म्हातारीनं रोज गुडघा चोळून बॅटरी संपवली होती. आणि चार्जर खोक्यात होता, आणि खोकं गळतग्यात.

"आई? आई, आवाज येईना गं."

लक्ष्मीबाईनं फोन सुकुमारच्या हातात दिला आणि परड्यात जाऊन येरझाऱ्या घालायला लागली.

सुकुमारनं भरमूला फोन लावला. भरमू म्हणाला, उद्या चार्जर घेऊन दुपारपर्यंत आणून पोचवतो. सुकुमारनं ते तिला येऊन सांगितलं. पोचवतो हा शब्द ऐकून लक्ष्मीबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो आल्या पावली मागं फिरला.

सकाळी ती एकटीच निघाली. सुकुमार मागं मागं फाट्यापर्यंत आला. तिनं हातानंच त्याला परत जा म्हणून सांगितलं. निपाणीच्या स्टँडवर गळतग्याची गाडी लागलेली होती. कर्नाटकच्या गाडीत बायकांना तिकीट फुकट, म्हणून कंडक्टरला तिनं आधार कार्ड दाखवलं.

"कुठं, आक्का?"

तिनं ओठांनी सांगितलं.

"गडहिंग्लज? ही गाडी तिकडं जात न्हाय."

तिनं त्याचा हात धरून त्याला थांबवलं आणि पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सोडवून.

"गळतगा!"

तिनं मान डोलावली. कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं आणि तो पुढं गेला. ती खिडकीशी बसली, बंद पडलेलं यंत्र मांडीवर दोन्ही हातांत धरून. गाडी हलली तेव्हा म्हातारीला काय काय सांगायचं ते ती मनाशी जुळवायला लागली होती.